जोडाच्या तारा

अच्युतरावांनी रबरी नळीचं एक टोक पुढच्या कार्बोरेटरवर धरलं आणि दुसरं कानाला लावलं. मग मागच्या कार्बोरेटरवर धरलं. त्यांच्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इंजिनाला असे दोन होते. दोघांनी सारखी हवा ओढली, तरच गाडी उद्या रॅलीतला घाट चढणार होती आणि हे जुळवायचं हवेची फुसफुस ऐकून. त्यांना मात्र नुसती घरघर ऐकू येत होती.

“नळीत दोष आहे,” ते म्हणाले.

“अहो, ही तिसरी नळी,” बायको म्हणाली. कुमुद घरी गाण्याचे वर्ग घ्यायची. “द्या इकडे.”

“तुला इंजिनातलं काय कळतं?”

“तंबोऱ्यातलं कळतं.” तिने नळी कानाला लावून डोळे मिटले. “जोडाच्या तारांसारखेच आहेत हे. दोघांचा सूर एक हवा. मागचा उतरलाय, चढवा.”

त्यांनी मागचा स्क्रू किंचित फिरवला.

“अजून. हं, जास्त झालं. मागे घ्या.”

इंजिनाच्या बाबतीत त्यांनी आजवर कुणाचं ऐकलं नव्हतं. आता ते तिच्या कपाळाकडे बघत स्क्रू फिरवत होते. तिथली आठी गेली, तसा त्यांचा हात थांबला.

“तू म्हणत होतीस त्या कानाच्या डॉक्टरांची परवाची वेळ घे,” ते म्हणाले.