उभ्या तोफा

टेकडीवर लाल निशाण चढलं तेव्हा अक्काबाईची सून संध्या चुलीजवळ कळा देत होती. तोफांचा सराव आहे म्हणून सगळा पाडा सकाळीच गुरं घेऊन ओढ्यापलीकडे उतरला होता. संध्याचा नवरा पिंपळगावला, द्राक्षबागेच्या कामावर. घरात दोघीच.

घरं रिकामी झाली का ते बघत फिरणारा जवान शेखर दारात आला. आतलं कण्हणं ऐकून चरकला.

"आजी, खाली गाडी उभी आहे. वहिनींना उचलून नेऊ."

"डोकं खाली आलंय. आता उचललीस तर वाटंत दोघंबी जातील."

"पण ऑर्डर आहे."

"आसंल. पोटातलं पोर तुझ्या साहेबाच्या हाताखाली नाय."

शेखरनं वायरलेसवर कळवलं. खरखरत उत्तर आलं: सराव बघायला वरचे साहेब आलेत, वेळ बदलणार नाही, घर रिकामं करा.

मागं एका भरकटलेल्या गोळ्यानं पाड्याजवळचं जांभूळ उभं चिरलेलं अक्काबाईनं पाहिलं होतं. तरी तिनं शेखरचा हात धरून वायरलेस तोंडाशी ओढला. शेखरनं बटण दाबलं.

"साहेब, मी अक्काबाई. मी हलणार नाय. तुमच्या तोफा बारा महिने उभ्याच असत्यात. आज आणखी घडीभर उभ्या ऱ्हाऊ द्या."

आतून संध्या ओरडली. शेखरनं बटण सोडलं नाही. ती आरोळी तशीच्या तशी पलीकडे गेली.

मग आवाज आला, "थांबवलंय. तू तिथंच राहा."

शेखर दाराकडे पाठ करून उभा राहिला. अक्काबाईनं हाक दिली की मागं न बघता पाण्याचा हंडा आत सरकवायचा. ऊन अंगणभर झालं. आणि मग घरातून एक बारीक, चिडका आवाज उठला.

अक्काबाई माखल्या हातांनी उंबऱ्यात आली. "पोरगी," ती म्हणाली.

शेखर हसला. तेवढ्यात वायरलेस पुन्हा खरखरला. साहेब विचारत होते, आता सुरू करायचं का?

शेखरनं अक्काबाईकडं पाहिलं.

"आधी वार पडू दे, नाळ कापू दे," ती म्हणाली. "मग बाळंतिणीला गूळपाणी. मग दोघींना तुझ्या गाडीनं खाली सोडायचं. त्याच्यानंतर विचार म्हणावं."