गिटारची अर्थिंग

काउंटरवरच्या इलेक्ट्रिक गिटारला जोडलेल्या अॅम्प्लिफायरमधून घूंऽऽ असा आवाज निघत होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता. हसनैनने तारांना हात लावला की तो कमी व्हायच्या ऐवजी आणखीच चढायचा. संध्याकाळी अकोल्यात त्याच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता, चारची बस गाठायची होती आणि सव्वातीन वाजून गेले होते.

वर्षालीचं तोंड उतरलं. सकाळपासून तिने एकटीने हे काम केलं होतं. व्हॉल्यूमचा आणि टोनचा, दोन्ही खरखरणारे पॉट, म्हणजे बटणाखालचे फिरते भाग, काढून नवे बसवले होते, टोनचा कंडेन्सर बदलला होता, सोल्डरचा एकेक डाग भिंग लावून पाहिला होता. राजापेठेतल्या या दुकानात आजवर पंखे, मिक्सर आणि कूलर यांच्याशिवाय काही उघडलं गेलं नव्हतं. तिच्या वडिलांनी, भगवंतरावांनी, गिटारला हो म्हटलं ते एका अटीवर. जमलं तर अशी कामं खुशाल घे, नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. आणि भगवंतराव एकदा बोलले की त्यात घासाघीस चालत नसे.

“आपलं काम मिक्सरचं,” ते हसनैनकडे पाहत म्हणाले. “गाण्याबजावण्याचं आपल्याले काय समजते?” बोलणं कुणासाठी होतं ते तिघांनाही कळलं.

पण जेवायला जाण्याआधी वर्षालीने गिटार लावून पाहिली होती, तेव्हा ती अगदी गुणी होती. मग तासाभरात तिच्या अंगात काय संचारलं? तिने पुन्हा स्क्रू काढले. पॉटच्या तिन्ही पायांवरचे डाग पक्के होते, कंडेन्सर जागेवर होता. फक्त तारा जिथे अडकवतात त्या लोखंडी पट्टीकडे जाणारी वायर मधूनच तुटलेली होती. तुटलेली कसली, कापलेली. टोकाला काळी टेप गुंडाळली होती आणि पुढच्याला सोडवायला सोपं जावं म्हणून टेपचं टोक छान दुमडून ठेवलं होतं. टेप अशी दुमडणारा माणूस उभ्या अमरावतीत एकच होता.

तो माणूस त्या वेळी स्क्रूच्या डब्यात नको असलेलं काहीतरी शोधत होता.

“बाबा, ही वायर तुमी कापली?”

“हाव.” भगवंतरावांनी आडपडदा ठेवला नाही. “तू लोखंडाले वायर जोडून ठेवली. हा पोट्टा दिवसभर त्याच तारांवर हात ठेवते. मी पाहत राहू काय?”

त्यांना दोष तरी कसा द्यायचा? वऱ्हाडातला मे महिना, कूलरची ओली टाकी, लोखंडी पत्रा आणि त्याला लागलेला हात, हे त्यांनी फार जवळून पाहिलं होतं. शेजारच्या दोघांना त्यांनी स्वतः लाकडी पाट मारून पत्र्यापासून सोडवलं होतं. तेव्हापासून त्यांचा नियम होता की माणसाचा हात जिथे लागतो तिथे वायर लागू द्यायची नाही. कूलरपुरता तो सोळा आणे खरा होता.

गिटार म्हणजे कूलर नव्हे, हे वर्षालीने त्यांना समजावलं. आत घरातली वीज येतच नाही, जो करंट आहे त्याने मुंगीसुद्धा मरणार नाही. ट्यूबलाइटची आणि पंख्याची घरघर वाजवणाऱ्याच्या अंगातून गिटारमध्ये शिरते, आणि तारा अर्थिंगला जोडलेल्या असल्या तरच त्यांना हात लागताच ती निघून जाते. भीती असलीच तर अॅम्प्लिफायरची, कारण घरातली वीज त्यात येते. त्याची अर्थिंग पक्की आहे हे तिने त्याच्या बॉडीपासून प्लगच्या अर्थिंगच्या पिनेपर्यंत मीटर लावून दाखवलं. भगवंतरावांनी आपला मीटर काढून पुन्हा मोजलं. आकडा तोच. आणि दुकानाची अर्थिंग तर त्यांनी स्वतः खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून केलेली, तिच्यावर शंका घ्यायची सोय नव्हती. हसनैन मध्ये न पडता घड्याळाकडे बघत राहिला. शहाणा माणूस.

वर्षालीने वायरचे दोन्ही तुकडे सोलून जोडले, डाग दिला, झाकण बसवलं आणि अॅम्प्लिफायर सुरू केला. घूंऽऽ पुन्हा सुरू झालं. हसनैनचा हात पुढे आला, पण तिने त्याला थांबवलं.

“थांबा भाऊ. बाबा, तुमी लावा.”

भगवंतरावांनी पायात रबरी चपला आहेत ना ते पाहिलं. डावा हात पाठीमागे नेला. उजवा पुढे केला तो उलटा, बोटांची मागची बाजू तारांकडे करून, कारण झटका बसलाच तर असा हात चिकटत नाही, मागे फेकला जातो. बोटं तारांना टेकली.

आवाज बंद.

त्यांनी हात उचलला, घूंऽऽ. टेकवला, गप्प. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा त्यांनी हात सुलटा केला आणि अख्खा तळवा तारांवर ठेवून उभे राहिले. वर्षालीला इतका आनंद झाला की हसावं की रडावं ते कळेना, म्हणून ती उगाच काउंटर पुसू लागली.

हसनैनने गिटार गळ्यात अडकवली. व्हॉल्यूम शून्यापासून चढत गेला, मध्ये कुठे खरखर नाही. टोन फिरवला तसा धारदार सूर हळूहळू मऊ होत गेला. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडची पोरं पायरीवर येऊन उभी राहिली, ट्यूशनला निघालेल्या दोन मुलींनी स्कूटी बाजूला घेतली. चारला पंधरा मिनिटं कमी असताना तो नाइलाजाने थांबला.

गिटार पिशवीत भरता भरता तो सवयीने मोठ्या माणसाकडे वळला. “काका, आमच्याकडं अजून दोन गिटारी अन् एक बेस हाये. सारे असेच खरखरून राहिले. सोमवारी आणू काय?”

भगवंतरावांनी दुरुस्तीला आलेला एक मिक्सर पुढ्यात ओढला आणि त्याचा पहिला स्क्रू सोडवायला घेतला.

“मले काहून इचारतं? तिले इचार,” ते म्हणाले. “गिटार मले नाई येत.”