चुन्याची डबी

देशभरातली तयारी तपासायला निघालेले दिल्लीचे साहेब सिन्नरजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात येऊन बसले. "उद्या कोणी मुद्दाम गुरांत रोग सोडला, तर पहिली खबर कोण देईल?"

"दूध संस्थेवरचे धोंडीराम आण्णा," जिल्ह्याचे साहेब घाईने म्हणाले. "लोक आजारी गाय लपवतात. पण कोणाचं दूध घटलं की आण्णा चुना मागायच्या निमित्ताने त्याच्या गोठ्यात डोकावून येतात. तयारी पूर्ण लिहा."

"लिहू नका," डॉक्टर ज्योत्स्ना म्हणाली. आवाज स्थिर ठेवायचा असं तिने सकाळीच ठरवलं होतं. "आण्णा गेल्या महिन्यात वारले. आज रोग आला तर आम्हाला कळणार नाही."

"मॅडम, नापास व्हायची हौस आहे का?" जिल्ह्याचे साहेब तिच्याकडे वळून म्हणाले.

"आजच्यापुरतं नापास लिहा. संध्याकाळपासून गोठ्यांवर मी जाणार आहे." तिने पर्समधून चुन्याची रिकामी डबी काढून टेबलावर ठेवली.

जिल्ह्याचे साहेब हसले. "तुम्हाला हो कशाला लागतो चुना?"

"आण्णांनाही लागत नव्हता. माझ्या वडिलांनी जन्मात तंबाखूला हात लावला नाही."