पिवळे ठिपके

सुट्टीत समुद्रावर जायचं ठरलं, तशी मावशीने दोन्ही भाच्यांसाठी सारखे फ्रॉक शिवायला घेतले. पिवळ्या ठिपक्यांच्या कापडाचा अख्खा तागाच उचलून आणला होता तिने. थोरलीने माप देताना दोन गिरक्या घेतल्या. धाकटी मात्र गाल फुगवून जागची हलेना.

"का गं? ताईसारखाच हवा ना?"

"नको! माझा मला आखूड होईल. मग ताईचा ताईला आखूड होईल, की तो मला. म्हणजे चौथीत जाईपर्यंत मला हेच ठिपके!"

मावशीची कात्री हातातल्या हातात राहिली. जन्मभर कपडे शिवले, पण हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. येणार कुठून? ती स्वतः थोरली!

शेजारी बटणं लावत बसलेली तिची धाकटी बहीण, म्हणजे पोरींची आई, खो खो हसत सुटली. "ताई, तुझ्या त्या जांभळ्या चौकड्यांनी मला सातवीपर्यंत सोडलं नाही!"

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. तू म्हणालीस, नशीबवान आहेस, दोन-दोन मिळतात."

निघायच्या दिवशी धाकटी भाची स्वतः निवडलेल्या हिरव्या फ्रॉकमध्ये मिरवत होती. मावशीने बहिणीच्या हातात हळूच एक पुडकं ठेवलं. आत पिवळ्या ठिपक्यांचा नवाकोरा ड्रेस, अगदी तिच्या मापाचा. तसाच मावशीच्याही अंगात.

बहिणीने ताईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"घालते. पण तुझा तुला घट्ट झाला ना, तर माझ्याकडे पाठवायचा नाही हं!"