पांढरा दोरा

१९४३च्या पानगळीत सेन्दाईच्या विद्यापीठाचा बेसबॉल संघ लढाईवर निघाला. निघण्याआधीच्या शेवटच्या सामन्याच्या सकाळी एकुलता चेंडू उसवला, तसा कर्णधार सेइगो घरी धावला. बहीण चिझू त्याच्यासाठी कमरपट्टा घेऊन दारोदार हिंडून आली होती. हजार बायकांनी लाल दोऱ्याचा एकेक टाका घातला की गोळी लागत नाही म्हणतात. बेसबॉलच्या चेंडूची शिवणही लालच असते, आणि घरातला लाल दोरा चेंडू किंवा पट्टा, एकालाच पुरणार होता. "चेंडू शिव, चिझू." "आणि पट्टा? थोड्याच बायका राहिल्यात, दादा!" "गोळी टाके मोजत बसते होय, वेडाबाई? पोरं खोळंबलीत." रडतच तिने चेंडू शिवला. सामना झाला. अपुरा पट्टा बांधून गेलेला सेइगो परतला नाही. त्याचे चेंडू झेलणाऱ्या ओनुकीने लढाईवरून लंगडत परत येऊन संघ पुन्हा उभारला. चिझूने जन्मभर संघाचे चेंडू शिवले, पण पांढऱ्या दोऱ्याने. तिथली पोरं आजही पांढराच वापरतात; का, कुणाला ठाऊक नाही.