सात नंबरचा दांडा

जुनी रेल्वे जपणाऱ्या संस्थेत ती फुकट राबायची, ती फक्त या सिग्नल केबिनसाठी. तिच्या बापाने इथे तीस वर्षं सिग्नल आणि रूळ बदलणारे दांडे ओढले, कायम हातात फडकं धरून. घामाच्या हाताने लोखंड गंजतं म्हणून. चुकीचा दांडा ओढला जाऊन गाडीला अपघात झाला, तेव्हा स्टेशनमास्तरने खापर त्याच्याच माथी फोडलं. “सात नंबर मी ओढलाच नाही,” म्हणत म्हणत तो खंगून मेला.

आता ती सात नंबर घासूनपुसून लख्ख करायची, आणि सकाळी त्यावर गंज हजर. फडक्याविना धरलेल्या पंजाच्या आकाराचा गंज. एका बोटावर जाड अंगठीचा वळसुद्धा.

केबिनच्या उद्घाटनाला संस्थेचा अध्यक्ष आला. हाच तो स्टेशनमास्तर, आता इतिहास जपायला निघालेला!

“साहेब, फडकं घ्या.”

“अगं, माझे हात काय मजुराचे आहेत घाम यायला?” हसत त्याने सात नंबर धरला. पंजा गंजावर चपखल बसला, अंगठीसकट.

टाळ्या विरल्या. हात सुटेना.

“पोरी, सोडव गं!”

बाहेरचे रूळ कधीच उखडून नेले होते. तरी केबिनच्या काचा थरथरू लागल्या. काहीतरी अवजड, भरधाव, जवळ येत होतं.

तिने बापाच्या फडक्याची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.