चिमट्यातली हवा

"माझ्या पोरीला तुमी पाडलंत, साहेब. डोंगरानं न्हाय पाडलं."

केसर हे मांडवात सगळ्यांसमोर बोलली. निवड समितीच्या साहेबांनी मान वर केली नाही. ते निकालाच्या कागदावर सही करत होते. केसरच्या मागे नूतन उभी होती. अठरा वर्षांची, काटकुळी. सुजलेल्या मनगटाला आईची ओढणी गुंडाळलेली, गुडघा फुटलेला. उतारावर पुढचं चाक धोंड्यावरून उडालं आणि ती कातळावर आपटली होती. तशीच उठली, सायकल उचलली, खालपर्यंत आली. बारा मिनिटं सात सेकंद. बाराच्या आत यायचं होतं.

जागा एकच होती. जिल्ह्यातून एक खेळाडू राज्याच्या संघात जाणार होता. ज्याची निवड होईल त्याला, आठही जण आळीपाळीने जिच्यावरून उतरले ती ही कोरी सायकल आणि पुण्याला राहून शिकायची सोय. नूतनची निवड झाली नाही तर सोमवारपासून तिला कंपनीत पॅकिंगला जायचं होतं. कंपनीतल्या बाईंनी पाठवलेला अर्ज घरात भरून ठेवलेला होता. फक्त सही राहिली होती.

"सगळ्यांना सायकल एकच," साहेब म्हणाले. "नियम एकच. सीट खालीवर करा, बाकी कशाला हात नाही. याहून जास्त न्याय कुठं मिळणार तुम्हाला?"

केसर नागावच्या किनाऱ्यावर सायकली भाड्याने देते. चौदा वर्षं झाली. डोंगरात जायची भारी सायकल मागायला कुणी आलं की ती त्याला आधी शेजारच्या वाडीतल्या सुपारी तोलायच्या काट्यावर उभं करते. बुटांसकट, पिशवीसकट. पाहुणे हसतात. "मावशी, विकणार काय आम्हाला?" ती आकडा बघते आणि तेवढी हवा पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यातल्या शॉकअपमध्ये भरते. या जातीच्या चिमट्याला माणसाच्या किलोमागे हवेचा एक पौंड दाब. हलक्या माणसाला जास्त हवा भरली तर चिमटा दबत नाही, वाटेतला एकेक धोंडा थेट हातात येतो. हे तिला कुणी शिकवलं नाही. दोन चिमटे वाया घालवून ती शिकली.

चिमट्याच्या दांडीवर एक रबरी कडी असते. चिमटा जेवढा दबतो तेवढी ती सरकते. नूतन खाली आली तेव्हा केसरने पोरीचा हात बघायच्या आधी कडी बघितली होती. त्याची तिला लाज वाटली. पण बघितली. एवढा डोंगर उतरून कडी नखाएवढीच हलली होती.

"साहेब, हवा कुणी भरली यात?"

"केसरबाई, बीचवर सायकली फिरवणं वेगळं."

मांडव हसला. सगळ्यात मोठ्याने दयाराम हसला. त्याचा पोरगा हर्षद बारा मिनिटं वीस सेकंदांत आला होता. "अगो, पोरीला चार घास भात जास्त घाल," तो म्हणाला. "वाऱ्यानं उडाली ती!"

"तुझा काय सुखानं बसून आला रे?" केसर म्हणाली. "त्याचे हात बघ आधी."

हर्षदने हात पाठीमागे घेतले. दोन्ही तळव्यांना फोड आले होते.

साहेब उठले. त्यांनी कागद वाचला. आठ जणांनी भाग घेतला. बारा मिनिटांच्या आत एकही आला नाही. सबब कुणीही पात्र नाही. आता समिती आपल्या अधिकारात योग्य त्या खेळाडूचं नाव परस्पर कळवेल. आपण सर्वांनी उत्साहाने भाग घेतलात, आभार.

लोक खुर्च्या सरकवायला लागले. बाकीच्या सात घरांनी मुकाट्याने आपापली पोरं गोळा केली. असंच असतं, असं एकजण म्हणालासुद्धा. नूतनने आईचा हात धरला. "आये, चल ना. सगळी बघतात."

केसरने हात सोडवला. ती सायकलीकडे गेली. चिमट्याच्या टोपणावर पिवळी चिकटपट्टी होती आणि पट्टीवर समितीचा शिक्का. ती पट्टी तिने नखाने ओरबाडून काढली.

"ए बाई! सील आहे ते!" साहेब ओरडले.

पिशवीतून तिने छोटा पंप काढला आणि टोपणाच्या जागी फिरवून बसवला. पंपावरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा सरसर चढला आणि थांबला. ती वाकून बघत राहिली.

साहेब आता खरेच चिडले होते. "तुम्हाला काय कळतं त्यातलं? मुंबईहून माणूस आणलाय त्यासाठी! काल तीन तास बसून, खेळाडूचं अचूक वजन घेऊन भरलीय त्यानं हवा. तुमच्यासारखं अंदाजाचं काम नाही ते!"

केसरने पंप काढून घेतला. ती मेजापाशी आली. तिथे डॉक्टरच्या सहीची यादी पडली होती. नाव, वय, उंची, वजन. तिने बोट लावून वरून खाली वाचली. नूतन, चव्वेचाळीस. हर्षद, छप्पन्न. सगळ्यात जड पोर एकसष्ट.

दयाराम तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. आता तो हसत नव्हता.

"पंपावर किती आलं गो?" त्याने हळूच विचारलं.

"पंच्याऐंशी पौंड."

निघालेले लोक थांबले. केसरने यादी उलटी फिरवून साहेबांपुढे ठेवली आणि तिच्यावर तळहात दाबून धरला.

"आठ पोरं हायत. पंच्याऐंशी किलोचं यांत एक पण न्हाय. मग काल या सायकलीवर कुणाला बसवलंत, साहेब? नाव सांगा."